वार उलटे सांगा, आजी

म्हाताऱ्या माणसाची स्मृती तपासायला जगभर वापरला जाणारा कागद 1975 सालचा आहे. अमेरिकेतले मार्शल फोलस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला. गुण 30. तारीख, वार, महिना विचारायचा. तीन शब्द सांगून थोड्या वेळाने तेच परत विचारायचे. शंभरातून सात, मग पुन्हा सात, अशी वजाबाकी करायला लावायची. कागदावर ‘डोळे मिटा’ असं लिहिलेलं वाचून तसं करायला सांगायचं, एक वाक्य लिहून घ्यायचं, एक आकृती उतरवून घ्यायची. दहा-बारा मिनिटांचं काम.

हा कागद आमच्या वरणगावातल्या एखाद्या आजींसमोर जसाच्या तसा ठेवला, तर जन्मभर केळीच्या बागेत मजुरी केलेली, घरातल्या सगळ्यांची लग्नं-बाळंतपणं तोंडपाठ असलेली बाई नापास होते. डोकं शाबूत असतं, शाळा झालेली नसते. इथून जवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना (1880–1951) लिहिता-वाचता येत नव्हतं. गाणी त्यांच्या ओठांवर होती, कागदावर उतरवून घेतली ती त्यांचा मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांच्या मावसभावाने. या चाचणीत लेखन-वाचनाचे गुण बहिणाबाईंनाही मिळाले नसते. खान्देशाला यापेक्षा वेगळा दाखला द्यायची गरज नाही.

मी वरणगावात दवाखाना चालवतो. माझ्याकडे आता म्हातारी माणसं जास्त येतात. साठच्या दशकात इथे आयुध निर्माणी आली, तेव्हा नोकरीला लागलेले तरुण आज ऐंशीच्या घरात आहेत, त्यांची मुलं पुण्या-नाशिकला आहेत. दुसरीकडे तापीकाठच्या शेतांवर राबलेल्या बाया. रक्तदाबाची गोळी घ्यायला आलेली सून दारातून वळता वळता म्हणते, “हल्ली विसरतात हो फार.” या एका वाक्याचं डॉक्टराने पुढे काय करायचं, हे मला ज्यांच्या कामातून उमगलं त्या डॉ. मेरी गांगुली.

गांगुली वृद्धांच्या मनोविकारतज्ज्ञ, पिट्सबर्ग विद्यापीठात प्राध्यापक. त्यांची सगळी कारकीर्द एका साध्या आग्रहावर उभी आहे: रोग समजून घ्यायचा तर दवाखान्यात न येणाऱ्या माणसापर्यंत जायला हवं. मोठ्या शहरातल्या स्मृतिभ्रंशाच्या क्लिनिकमध्ये पोचतो तो बहुधा शिकलेला, पैसा असलेला, ज्याच्या मुलांच्या वेळेवर लक्षात आलं असा माणूस. तेवढ्यांना मोजून हा रोग किती जणांना, कोणाला आणि का होतो हे ठरवलं, तर उत्तर वाकडंच येणार. म्हणून 1987 साली त्यांनी पिट्सबर्गजवळच्या मोनोंगाहेला नदीच्या खोऱ्यातली पोलाद कारखान्यांची छोटी गावं निवडली. कारखाने बंद पडत होते, तरुण बाहेर जात होते, म्हातारे मागे राहत होते. मतदारयादीतून 65 वर्षांपुढची नावं काढली आणि दर दोन वर्षांनी त्याच माणसांना भेटत राहायचं ठरवलं. 2006 पासून त्याच परिसरात त्यांनी दुसरा असाच अभ्यास सुरू केला. एकेका माणसाचं म्हातारपण वर्षानुवर्षं, त्याच्या घरी जाऊन बघायचं, असं हे काम. आमचं गाव बघताना मला त्या खोऱ्याची आठवण होते.

मधल्या काळात, नव्वदच्या दशकात, गांगुली आणि डॉ. विजय चंद्रा यांनी हरियाणातल्या बल्लभगड परिसरात भारत-अमेरिका संयुक्त अभ्यास केला. 28 गावं, 55 वर्षांपुढची 5,126 माणसं. त्यांतली 73.3 टक्के निरक्षर. फोलस्टीनच्या कागदाचं नुसतं भाषांतर इथे निरुपयोगी होतं, तेव्हा त्यांनी प्रत्येक प्रश्न नेमकं काय तपासतो हे आधी बघितलं आणि तेच तपासणारा गावातला प्रश्न शोधला. हिंदीतली ही चाचणी 1995 मध्ये प्रसिद्ध झाली. वजाबाकीऐवजी वार उलटे म्हणायचे. ‘डोळे मिटा’ वाचायच्या जागी विचारणाऱ्याने स्वतः डोळे मिटायचे आणि समोरच्याने बघून तसं करायचं. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल काही सांगायचं. तुमच्या गावाला पोस्ट कुठलं, जिल्हा कुठला, हे विचारायचं. लक्षात ठेवायचे तीन शब्द: आंबा, खुर्ची, नाणं.

मी ते प्रश्न माझ्यापुरते मराठीत करून घेतले आहेत. गुण मोजून निदान करत नाही, तेवढी ती मराठी चाचणी पारखलेली नाही. पण माणूस कुठे अडखळतो ते नीट कळतं.

वैशाखात एका घरी गेलो होतो. आजी ओट्यावर बसलेल्या, शेजारी सूनबाई. आता महिना कोणता, ते विचारलं. “तारीख-महिना मले काय माहीत, भाऊ! आखाजी झाली ना आता.” हे उत्तर बरोबर धरायचं. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात. खान्देशातल्या बाईला एप्रिल-मे सांगता आला नाही तरी आखाजी होऊन किती दिवस झाले हे कळतं, आणि कळायचं बंद झालं तर ती खरी खूण. मग म्हटलं, “आजी, आता वार उलटे सांगा. रविवारपासून मागे.” आजी हसल्या. “रविवार, शनिवार, शुक्रवार…” इथे थांबल्या. बोटं हलली. “शनिवार… रविवार… सोमवार.” उलटं चाललेलं मन वळून सुलट वाटेला लागलं. सूनबाईंनी पटकन “गुरुवार” म्हणून टाकलं. घरच्यांना राहवत नाही, आपल्या माणसाची फजिती त्यांना बघवत नाही. तीन शब्दांपैकी आंबा आठवला. खुर्ची नाही, नाणं नाही. चाचणीतले “ना हे, ना ते” हे शब्द मात्र त्यांनी माझ्या मागोमाग स्वच्छ म्हटले, डोळेही बघून मिटले.

एवढ्यावर काहीच ठरत नाही. म्हणून या कामात दुसरी बैठक असते, ती घरच्या माणसाशी. पाश्चात्त्य प्रश्नावल्या विचारतात: बँकेचा व्यवहार जमतो का, फोन लावता येतो का? ज्या घरात हे आयुष्यभर मुलगाच करत आला, तिथे उत्तर ‘नाही’ येतं आणि त्याचा अर्थ काहीच निघत नाही. बल्लभगडच्या गटाने यासाठीही वेगळी प्रश्नावली केली. जेवण झालेलं विसरून परत वाढायला सांगतात का? गावात वाट चुकतात का? निरोप दिला तर पोचवतात का? घरातल्या लग्नाच्या बोलण्यात मत देतात का? हातात घेतलेलं काम अर्धवट सोडतात का?

आमच्याकडे मी उन्हाळ्यातल्या बिबड्यांचं विचारतो. ज्वारी भिजवून आंबवायची, दळायची, तिचा घाटा शिजवायचा, त्यात तीळ, जिरं, लसूण घालायचा आणि गरम असतानाच ओल्या कापडावर थापायचा. क्रम चुकला की सगळं वाया. सूनबाई आधी काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, “दोन उन्हाळे झाले, घाट्याशी त्यांना बसवत नाही. मीठ घातलं का, घातलं का, असं विचारत राहतात. मागच्या वर्षी दोनदा घातलं.” गल्लीतल्या सगळ्या बाया ज्यांना घाट्यासाठी बोलवायच्या, त्या या आजी. माझ्या लेखी हे वाक्य उलट्या वारांइतकंच मोलाचं. चाचणीत अडखळणं, आणि पूर्वी सहज जमणारं काम आता न जमणं, हे दोन्ही जुळल्याशिवाय स्मृतिभ्रंश म्हणता येत नाही.

वयाचाही घोळ असतो. आधार कार्डावर जन्मतारीख 1 जानेवारी असली की मी गप्प बसून दुसरीकडून विचारतो. बहात्तरच्या दुष्काळात पोरं केवढी होती? निर्माणी आली तेव्हा लग्न झालेलं होतं का? फैजपूरची काँग्रेस झाली त्या वर्षी मी पोटात होते, असं आई सांगायची, असं एखादी म्हणते, आणि 1936 चा डिसेंबर हाताला लागतो. साठीनंतर या रोगाचं प्रमाण वयाबरोबर झपाट्याने चढत जातं, त्यामुळे वयात पाच वर्षांची चूक झाली तर लोकसंख्येचा सगळा हिशेब हलतो.

बल्लभगडचे आकडे आले तेव्हा जगभर त्यांची चर्चा झाली. 65 च्या पुढच्यांत स्मृतिभ्रंश 1.36 टक्के. नव्याने अल्झायमर होण्याचं प्रमाण वर्षाला हजारी 4.7, तर मोनोंगाहेलाच्या खोऱ्यात तेच 17.5. खेड्यातलं जगणं मेंदूला राखतं, असा अर्थ लगेच काढला गेला. खुद्द संशोधक सावध होते. अल्झायमरचा धोका वाढवणारं जनुक तिथे कमी आढळलं, हे खरं. पण आजार झाल्यावर माणूस फार काळ जगतच नसेल, तर एका दिवशी मोजताना तो दिसत नाही. ही सावधगिरी मला त्या आकड्यांहून जास्त आवडते.

महाराष्ट्रातही घरोघर जाऊन मोजणी झाली आहे. मुंबईत वास, पिंटो आणि सहकाऱ्यांनी चाळिशीपुढच्या 24,488 जणांची तीन टप्प्यांत पाहणी केली. 2001 मध्ये ती प्रसिद्ध झाली. 65 च्या पुढे 2.44 टक्के असं तिचं उत्तर होतं. पुढे देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये देशभरातल्या 45 वर्षांपुढच्या माणसांची आणि त्यांच्या जोडीदारांची, एकूण 72 हजारांवर जणांची पाहणी केली. तिच्यातूनच साठीपुढचे 4,096 जण निवडून दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने स्मृतिभ्रंशाचा स्वतंत्र अभ्यास झाला, आणि हिंदीतली तीच चाचणी त्यात वेगवेगळ्या भारतीय भाषांतून वापरली गेली. घरच्यांची मुलाखत, रक्ताचा नमुना, मग त्यांतल्या बऱ्याच जणांची माहिती तीन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे वाचायची, मत जुळलं नाही तर एकत्र बसून ठरवायचं. 2023 मध्ये आलेला निष्कर्ष: साठीपुढच्या भारतीयांत 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख माणसं. बायकांत जास्त, खेड्यांत जास्त, न शिकलेल्यांत जास्त. व्याख्या, वय, पद्धत वेगळी असल्यामुळे हा आकडा जुन्या आकड्यांशी थेट ताडून बघता येत नाही. पण खेड्यात हा आजार नसतोच, ही समजूत आता कोणी बाळगू नये.

आणि विसरणारा प्रत्येक जण स्मृतिभ्रंशाचा नसतो, हेही मी रोज बघतो. ऐकू न आल्यामुळे चुकीचं उत्तर देणारे निवृत्त कामगार. मोतीबिंदूमुळे घड्याळ आणि पेन ओळखू न शकणाऱ्या आजी. नवरा गेल्यापासून मन उठलेली, प्रत्येक प्रश्नाला “काय माहीत” म्हणणारी बाई. थायरॉइड किंवा बी-12 कमी असलेले. यांतल्या बऱ्याच जणांना उपचाराने फरक पडतो. 2024 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने टाळता येण्याजोगे 14 धोके सांगितले आणि ते आवरले तर जगातले सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील असा अंदाज दिला. कमी शिक्षण, कमी ऐकू येणं, दृष्टिदोषावर इलाज न होणं, रक्तदाब, मधुमेह, एकटेपणा ही त्यातली नावं. यातलं एकही वरणगावला परकं नाही.

बिबड्यांच्या त्या आजींना मी जिल्ह्याच्या ठिकाणी मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. तपासण्या झाल्या, निदान झालं. बरा होणारा हा आजार नाही. पण आता घरात कोणी त्यांच्यावर ‘मुद्दाम करतात’ म्हणून खेकसत नाही, आणि गॅसची शेगडी त्यांच्या एकटीच्या हाती दिली जात नाही.

वाचकांना माझी विनंती अशी. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे कान आणि डोळे आधी तपासून घ्या. जे काम त्यांच्या हातचं म्हणून ओळखलं जायचं, ते बिघडू लागलं तर वय म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना सांगा, आणि जाता जाता नको, बसून सांगा. पाहणीसाठी कोणी दारात आलं आणि आजीला वार उलटे विचारले, तर मध्ये बोलू नका. त्यांना वेळ लागू द्या.