संताचा सण रविवारी आला तर?



वर्षाची सुट्ट्यांची यादी आली की आपण आधी पाहतो, कोणते सण रविवारी आलेत. "गेली एक सुट्टी!" असं म्हणून पुढे जातो. ख्रिस्ती घरात मात्र प्रश्न वेगळा असतो. त्या दिवशी मान कुणाचा, संताचा की रविवारचा?

हा प्रश्न आपल्यापासून लांबचा नाही. भामरागडसह गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्हे सिरो-मलबार कॅथलिक चर्चच्या चांदा धर्मप्रांतात येतात. १९६२ मध्ये सुरू झालेल्या या मिशनला १९७७ मध्ये पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. समजा, वर्गातलं एखादं मूल म्हणालं, "सर, आमचा सण सोमवारी आहे," आणि कॅलेंडरवर तो रविवारी छापलेला आहे. नियम माहीत नसला, तर आपण त्या लेकराला सहज खोटं ठरवू.

रविवार हाच सण

येशूचं पुनरुत्थान रविवारी झालं, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. म्हणून प्रत्येक रविवार हा मुळातच सण. संतांचे दिवस नंतर वाढत गेले. दोन सण एकाच दिवशी आले की कुणीतरी बाजूला सरकायला हवं ना!

रोमन कॅथलिकांची पद्धत

गोवा, वसई, नागपूर इथली बहुतेक कॅथलिक चर्चेस या पद्धतीची. त्यांच्याकडे सणांचे तीन दर्जे आहेत. संताचा दिवस साध्या किंवा मधल्या दर्जाचा असेल, तर रविवारी तो त्या वर्षापुरता गळतो. उदाहरणार्थ, ५ सप्टेंबर, म्हणजे आपला शिक्षक दिन, हा मदर तेरेसांचाही दिवस. २०२१ मध्ये तो रविवारी आला, तेव्हा साधारणपणे मिस्सा रविवारचीच होती.

सर्वोच्च दर्जाच्या सणाचं मात्र वेगळं असतं. भारतात संत थॉमस (३ जुलै) आणि संत फ्रान्सिस झेवियर (३ डिसेंबर) या दोघांनाही हा दर्जा आहे. ३ जुलै २०२२ ला रविवार होता. तो वर्षातला साधा रविवार, म्हणून संत थॉमसचा सण त्याच दिवशी झाला. ३ डिसेंबर २०२३ लाही रविवारच होता, पण तो आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार. या काळातले, तसेच उपवासकाळातले आणि पुनरुत्थानकाळातले रविवार संतांसाठी जागा सोडत नाहीत. म्हणून झेवियरचा सण सोमवारी, ४ डिसेंबरला गेला.

गावातलं चर्च ज्या संताच्या नावाचं, त्याचा सण त्या चर्चपुरता सर्वोच्च दर्जाचा मानतात.

इतर पंथ

सिरो-मलबार चर्चची उपासनेची दिनदर्शिका वेगळी आहे. संत थॉमसच्या सणाला ते 'दुक्राना' म्हणतात आणि ३ जुलैलाच पाळतात. इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चमध्ये साध्या रविवारी संताचा सण तिथेच करावा किंवा सोमवारी न्यावा, अशी मुभा आहे. आगमनकाळात मात्र तो हलवावाच लागतो. पूर्वेकडच्या ग्रीक आणि रशियन ऑर्थोडॉक्स परंपरेत रविवारची आणि संताची गीतं एकाच उपासनेत गातात. बॅप्टिस्ट आणि पेंटेकोस्टल मंडळी सहसा संतांचे दिवस पाळतच नाहीत, त्यामुळे त्यांच्यापुढे हा पेच येत नाही.

म्हणजे "ख्रिस्ती लोक असं करतात" असं सरसकट सांगता येत नाही. मुलाला आधी विचारावं, "तुमचं चर्च कोणतं?"

वर्गात कसं सांगाल?

आपल्या माडिया मुलांना हे पटकन कळेल. पंडुम काही कॅलेंडर बघून होत नाही, गाव मिळून दिवस ठरवतं. संताच्या सणाला तारीख असते, तरी तो केव्हा करायचा हे समाजाच्या नियमानेच ठरतं.

एक छोटा उपक्रम द्या. २०२८ मध्ये ३ डिसेंबरला कोणता वार येतो ते मुलांना शोधू द्या. उत्तर 'रविवार' आलं की विचारा, "मग गोव्यात झेवियरचा सण कोणत्या दिवशी?" सोमवार, ४ डिसेंबर असं उत्तर आलं, तर नियम समजला म्हणायचं. आणि त्या सोमवारी एखाद्या मुलाने सुट्टी मागितली, तर कारण आपल्याला आधीच ठाऊक असेल.