मैत्रिणीची बिदागी

घरातून धंदा करणाऱ्या बाईला एक वाक्य हमखास ऐकावं लागतं, ‘अगं, तू तर घरचीच!’ मग ती ब्लाउज शिवणारी असो, लोणची घालणारी असो, नाही तर गाण्याच्या शिकवण्या घेणारी असो. घरची म्हटलं की तिला कुणी पैसे विचारायचे नसतात आणि तिनं ते मागायचे तर मुळीच नसतात. माझ्याकडून एका नातलगांनी लग्नासाठी अठरा ब्लाउज शिवून घेतले होते. अस्तराचे पैसेसुद्धा मीच घातले. लग्नात मला मानाची साडी मिळाली, सिंथेटिक. असो!

मी मिरजेत राहते. खणाचे ब्लाउज, कुर्ते, जाकिटं आणि सुती इरकलीचे ड्रेस असा माझा व्यवसाय. मी आणि शिवणाऱ्या तिघी जणी, एवढाच आमचा ‘ब्रँड’. (नाव सांगत नाही, नाही तर जाहिरात व्हायची!) खण येतो बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डहून आणि इरकल साडी त्याच जिल्ह्यातल्या इलकलहून. वर्षातून दोनदा आम्ही छोटं प्रदर्शन भरवतो, बाकी विक्री फोनवर.

माझी होस्टेलवरची रूममेट सतार वाजवते. पुण्यात राहते, शिकवण्या घेते, कार्यक्रम करते. तिचा फोन आला, ‘सतारीची जवारी गेलीय, मिरजेला येतेय. शनिवार-रविवार तुझ्याकडेच.’ आता मिरजेला सतार घेऊन येणं म्हणजे माहेरी येण्यासारखंच. आमच्या सतारमेकर गल्लीत पिढ्यान् पिढ्या हेच काम चालतं. पंढरपूर भागातून भोपळे येतात आणि इथे त्यांची सतार, तानपुरा होतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

नेमकं त्याच रविवारी आमचं प्रदर्शन होतं. घरात लगेच ठरूनही गेलं. आमचे हे म्हणाले, ‘अरे वा, मग वाजवेल की ती तासभर! बायका तेवढ्यासाठी तरी येतील.’ नणंद म्हणाली, ‘फुकटात कार्यक्रम झाला वहिनी तुमचा.’ फुकटात! मी माझी खर्चाची वही उघडून दोघांसमोर ठेवली. हॉलचं भाडं, खुर्च्या, सतरंज्या, बॅनर, चहा आणि उपमा. खुर्चीवाला माझ्या भावाचा वर्गमित्र. पण त्याला कुणी म्हणालं का, की तू घरचाच, खुर्च्या तशाच दे? तबल्याला सांगलीचा एक मुलगा येणार होता. त्याला किती द्यायचे, हे यांनीच परस्पर विचारून घेतलं होतं. मग सतारीपुढे तेवढं शून्य का लिहायचं? मी तिथे साडेसात हजार लिहिले. हे काही बोलले नाहीत, पण पुढे दिवसभर हॉलमधले पंखे मोजत राहिले.

शनिवारी पहाटे महालक्ष्मी एक्स्प्रेसनं ती उतरली. एका खांद्याला बॅग आणि लेकराला सांभाळावी तशी कवेत सतार. पिठलं-भाकरी, ठेचा खाऊन दोघी गल्लीत गेलो. जवारी म्हणजे काय, हे मिरजेत इतकी वर्षं राहूनही मी नीट पाहिलं नव्हतं. तारा ज्या घोडीवर टेकतात, तिचा माथा सपाट दिसतो, पण त्याला बारीकसा उतार असतो. तार त्या उतारावर अलगद घासत झंकारते, म्हणून सतारीला तो भरलेला आवाज. वाजवून वाजवून घोडीवर तारेच्या खाचा पडतात आणि आवाज बोथट होतो. मग कानशीनं घासायचं, तार चढवायची, ऐकायचं, पुन्हा उतरवायची, पुन्हा घासायचं. चाचांनी हे किती वेळा केलं असेल, मोजायचं मी सोडून दिलं. त्यांच्यापाशी माप घ्यायची पट्टी नव्हती, सगळं कानावर. आमच्या शिवणातही शेवटचा अर्धा इंच असाच असतो, तो टेपवर दिसत नाही.

दुपारी घरी आल्यावर तिनं बॅगेतून स्टेजवर घालायचे ब्लाउज काढून माझ्यापुढे टाकले. ‘हे बघ, सगळे उजव्या काखेत उसवलेत. अर्ध्या तासात काचायला लागतं, पण वाजवणं थांबवून ब्लाउज सारखा करता येतो का?’ मी म्हटलं, ‘सतार घेऊन बस.’ ती बसली. मैत्रिणींनो, आपण माप घेतो ते उभं राहून, हात खाली सोडून. पण सतारवालीचा उजवा हात भोपळ्यावरून पुढे जातो, कोपर बाहेर आणि वाद्य तोलायचं तेही त्याच हाताच्या दाबानं. उभ्यानं घेतलेलं पाठीचं माप आणि बसून घेतलेलं माप यात उजव्या बाजूला सव्वा इंचाचा फरक निघाला! डाव्या बाजूला जेमतेम पाव. म्हणजे दोन्ही मुंढे सारखे कापले की उजवा उसवणारच. त्यात खण काही ताणला जात नाही.

मग रात्री आम्ही दोघी मशीनवर बसलो. खणाचा पन्हा मुळातच लहान, एका खणात एक चोळी निघावी याच बेतानं विणलेला. तरी बाहीच्या कडेचे तुकडे उरले होते. त्यातला एक चौकोनी तुकडा उजव्या काखेखाली तिरका घातला, आपल्या आज्यांच्या चोळ्यांना असायचा तसा. पाठीला उजवीकडे जास्तीचं कापड दिलं. बाही कोपराच्या बरीच वर संपवली, म्हणजे हात भोपळ्यावर उघडा टेकतो, कापड मध्ये येत नाही. शिवणीत माया भरपूर सोडली.

साडीचंही तेच. रेशमी साडीवरून वाद्य घसरतं, सुती साडीवर ते बसतं. जरीच्या काठात नखी अडकते. खांद्यावरची पिन दांडीला लागली तर पॉलिशवर ओरखडा. उजव्या हातात बांगड्या नकोतच. तिनं ही यादी सांगितली आणि मी वहीत उतरवून घेतली. इतकी वर्षं मी ‘स्टेजसाठी’ म्हणून बायकांना भरजरीच दाखवत आले, सगळेच दुकानदार तसंच दाखवतात. वाजवणाऱ्या बाईला काय सोयीचं, ते वाजवणाऱ्या बाईलाच विचारायला हवं.

तेवढ्यात तानपुऱ्याची भानगड निघाली. शेजारच्या काकूंच्या भजनी मंडळाचा तानपुरा आणून ठेवला होता, पण तारेखालचा दोरा गायब. त्या दोऱ्याला ‘जीव’ म्हणतात. तार आणि घोडीच्या मध्ये तो किंचित मागे-पुढे सरकवला की आवाज खुलतो. ‘सुती दोरा दे,’ मैत्रीण म्हणाली. माझ्याकडे दोऱ्यांचे दोन डबे भरलेले, सगळा पॉलिस्टर! शेवटी सुती इरकलीतून चार धागे ओढून दिले. चार तारांचे चार जीव. काकू थक्कच झाल्या.

रविवारी सकाळी दहाला तोडी वाजवायला घेतली तिनं. पन्नासेक बायका, मागे पायपुसण्यावर बसलेली पोरं. माझ्या भाचीनं तानपुरा धरला. मी दाराशी उभी राहून तिच्या उजव्या काखेकडेच बघत होते, खोटं कशाला सांगू! पाऊण तास ती वाजवत होती, एकदाही खांदा उडवून ब्लाउज सारखा केला नाही.

विक्रीचं म्हणाल, तर ती नेहमीइतकीच झाली. सतार चालू असताना कुणी उठून कपडे बघेना आणि संपल्यावर निम्म्या जणींना स्वयंपाकाची घाई. कुणी असा बेत करणार असाल तर विक्री आधी ठेवा, गाणं-वाजवणं नंतर. दोन्ही एकत्र ठेवलं की दोन्हींचा विचका होतो.

भाची सगळा कार्यक्रम मोबाइलवर घ्यायला निघाली होती, आमच्या कपड्यांच्या जाहिरातीला लावायला. मी तिला थांबवलं. आधी विचार. आपल्या कायद्यात कलाकाराचा त्याच्या सादरीकरणावर हक्क असतो, तो ५० वर्षं टिकतो. त्याची ध्वनिमुद्रणं, चित्रफिती परवानगीशिवाय करता येत नाहीत. (सिनेमाची गाणी जाहिरातीमागे बिनधास्त लावतो ना आपण, त्यालाही मालकाची परवानगी लागते.) मग एका कागदावर चार ओळी लिहिल्या. अर्ध्या मिनिटाचा तुकडा, तोही द्रुत गतीतला, सहा महिने, खाली तिचं नाव. दोघींनी सह्या केल्या. मैत्रीण हसत होती, ‘कोर्टात जाणारेस का माझ्याशी?’

संध्याकाळी मी पाकीट पुढे केलं, तेव्हा मात्र हसली नाही. ‘वेडी आहेस का? तुझ्याकडे जेवले, राहिले.’ मी म्हटलं, ‘जेवलीस ती मैत्रीण म्हणून. वाजवलंस ते सतारवाली म्हणून.’ ती गप्प झाली. मग म्हणाली, गेल्या वर्षी एका ठिकाणी तिला सांगितलं होतं, ‘मॅडम, आम्ही तुम्हाला व्यासपीठ देतोय.’ रिक्षाभाडंही दिलं नाही, हार मात्र भलामोठा घातला. त्याच कार्यक्रमात साउंडवाल्याचे पैसे रोख मोजून दिले, तिच्यासमोर.

मिरजेत हे ऐकताना मला हिराबाई बडोदेकर आठवल्या. १९०५ मध्ये त्यांचा जन्म इथलाच. घरंदाज बायकांनी जाहीर मैफलीत बसून, तिकीट लावून गावं, ही वाट ज्यांनी रूढ केली, त्यात त्यांचं नाव पहिलं. तिकीट! तेव्हा ते केवढं धाडसाचं असेल. आणि आज आपण आपल्याच मैत्रिणीला पैसे विचारायला लाजतो.

सासूबाई आतून ऐकत होत्या. मला वाटलं, त्या आता ‘पाहुणीला कसले पैसे’ म्हणणार. त्यांनी देवापुढच्या डबीतून एक रुपया आणला आणि पाकिटात टाकला. ‘बिदागी कधी नुसत्या शून्यांची देऊ नये,’ म्हणाल्या. पूर्वी आळीभरच्या लग्नांचे रुखवत त्या करून देत. किती पैसे मिळायचे, हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. ‘ओटी भरायचे ना,’ एवढंच म्हणाल्या आणि दिवा लावायला गेल्या.

तिनं पाकीट घेतलं. लगेच पर्समधून पैसे काढून म्हणाली, ‘आता ब्लाउजचं बिल कर.’ मी बिल केलं. कापड, अस्तर, शिलाई, सगळं. एक पैसा कमी केला नाही. घ्यायला जरा जड गेलं, पण घेतले.

रात्रीच्या गाडीनं ती गेली. आता गाणाऱ्या, वाजवणाऱ्या बायकांसाठी बसून माप घ्यायला सुरुवात केली आहे. व्हायोलिनवाली एक जण येऊन गेली, तिचं दुखणं डाव्या खांद्याला आहे. आणि परवा मैत्रिणीचा मेसेज आला : ‘नाशिकला दीड तास वाजवलं. डावी बाही आहे तशीच ठेव. उजवीकडे अजून पाव इंच. असे दोन शिव, एक काळा. बिल आधी पाठव.’