हापूसच्या सालीतली राखण

धारवाड परिसरात मे महिन्यात हापूसची तोडणी जोरात असते, आणि वळीवही त्याच दिवसांत येतो. केलगेरीच्या बागेतून उतरलेला किंवा हुबळीच्या अमरगोळ बाजार समितीतून आणलेला आंबा अढीत घालताना निर्मळ दिसतो. मग रंग चढू लागतो आणि सालीवर काळे ठिपके उमटतात, एकमेकांत मिसळतात. नाहीतर देठाभोवती तपकिरी कडे पडून खाली सरकू लागते. ठिपके करप्याचे, कडे देठकुजीचे. दोष बहुतेक वेळा अढीला दिला जातो. करप्याची बुरशी मात्र मोहोराच्या किंवा कोवळ्या फळाच्या वेळीच, दवापावसात सालीत शिरलेली असते आणि तिथे निपचित पडून राहते.

तिला इतके दिवस अडवून धरते ते फळच. कच्च्या आंब्याच्या सालीत रिसॉर्सिनॉल गटातली बुरशीरोधक संयुगे असतात. फळ पिकताना ती घटतात आणि बुरशीला वाट मोकळी होते. आंब्याच्या चिकातही ही संयुगे असतात, शिवाय बुरशीची पेशीभित्ती तोडणारे कायटिनेज हे विकरही असते. म्हणूनच सगळ्या नैसर्गिक उपायांत पहिला मान चिकाला द्यायला हवा, आणि तो फुकटचा आहे. हिसका देऊन काढलेल्या आंब्याचा देठ मुळापासून तुटतो, चीक भळभळून सालीवर ओघळतो, साल भाजल्यासारखी काळवंडते आणि देठाची जागा उघडी पडते. देठकुजीला तेवढे दार पुरते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘नूतन’ झेला आंबा थोड्या देठासह कापून जाळीत घेतो. देठाचा तो छोटा तुकडा फळाला मोठा आधार असतो.

बाहेरून द्यायची संयुगे सुगंधी तेलांतली, आणि स्वयंपाकघराला परकी नाहीत: ओव्यातला थायमॉल, लवंगेतला युजेनॉल, दालचिनीतला सिनॅमाल्डिहाइड, गवती चहातला सिट्रल. थायमॉल आणि युजेनॉल बुरशीच्या पेशीचे पातळ आवरण सैल करतात. आतले क्षार बाहेर झिरपतात आणि बीजाणू रुजत नाहीत. बंद पेटीत त्यांची वाफही काम करते. पण मात्रा जरा वाढली की सालीवर डाग पडतात आणि हापूसला ओव्याचा वास लागतो. कमी पडली तर तेल उडून जाते आणि बुरशी पुन्हा उठते. नुसते तेल शिंपडून आंबा टिकतो, असे सांगणे शेतकऱ्याची फसवणूक ठरेल.

या तेलांना धरून ठेवण्याचे काम कायटोसन करते. कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळणारा हा पदार्थ सौम्य आम्लात विरघळतो आणि फळावर पातळ पापुद्रा धरतो. त्याने फळाचा श्वास मंदावतो, पिकणे लांबते, आणि सालीची स्वतःची प्रतिकारशक्तीही चेतते. तरीही सालीच्या आत दडलेल्या करप्यापर्यंत पोचायला उष्णताच लागते: साधारण ५२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ५ ते १० मिनिटे. पूर्वी याच पाण्यात कार्बेन्डाझिम घालत. त्याच्या अवशेषांवर निर्यातीच्या बाजारपेठांत कडक मर्यादा आल्या, आणि आधी गरम पाणी, मग तेलयुक्त लेप या जोडीला महत्त्व आले.

पाण्यातून काढलेली फळे सावलीत, वाऱ्यावर, पूर्ण सुकल्यावरच लेप द्यावा. अढीचा पेंढा त्या हंगामाचा कोरडा हवा. ओलसर, जुन्या पेंढ्यात काळ्या बुरशीचे बीजाणू असतात, आणि ती देठाच्या जखमेतून नव्याने शिरते.