परदेशी लेखक आष्टीत आले, तर काय दाखवाल?

वेरूळ-अजिंठा तर सगळेच दाखवतात. लेखकाला आपला भाग दाखवायचा असेल, तर एक दिवस असा आखा.

🚆 प्रवास : अहिल्यानगरहून रेल्वेने आणा. 66 कि.मी.चा हा मार्ग 23 सप्टेंबर 2022 ला सुरू झाला. कित्येक पिढ्यांनी याची वाट पाहिली, हे जरूर सांगा.

🛕 सकाळ : सावरगावजवळचा मायंबा. गर्भगिरीच्या डोंगरातली मच्छिंद्रनाथांची समाधी आपल्याच तालुक्यात आहे. पुढे पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथ. भटक्या समाजांचं हे मोठं श्रद्धास्थान. रंगपंचमीच्या सुमारास गेलात, तर यात्रा आणि गाढवांचा बाजारही पाहायला मिळेल.

🍽️ दुपार : बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा. हिवाळ्यात शेतावर ज्वारीचा हुरडा. तिखट बेतानं!

🏰 संध्याकाळ : जामखेड तालुक्यातला खर्ड्याचा किल्ला. मार्च 1795 मध्ये मराठ्यांनी निजामाला इथेच हरवलं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माणसं भेटवा. ऊसतोडीला जाणारं कुटुंब, मेंढपाळ, भजनी मंडळ. आधी त्यांना विचारा, फोटोची परवानगी घ्या. दुभाषाही सोबत हवाच. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर (1934–1992) धनगरांमध्ये फिरले, त्यांच्या ओव्या ऐकल्या, म्हणूनच बिरोबा-खंडोबावर एवढं मोलाचं लिहू शकले.

तुमच्या गावातलं आणखी काय दाखवावं? कमेंटमध्ये नक्की लिहा. 🙏