चौऱ्यांशी कुटिया : एका ओसाड आश्रमाचा कालनिर्णय

ऋषिकेशासमोर गंगेच्या पूर्व तीरावर, स्वर्गाश्रमाच्या पुढें अरण्याच्या कडेस, महर्षि महेश योगी यांचा ओसाड आश्रम आहे. त्यास 'चौऱ्यांशी कुटिया' म्हणतात. परदेशीय प्रवाशांत तो 'बीटल्स आश्रम' या नांवानें प्रसिद्ध आहे. सदरहू स्थळ आम्हीं पाहिलें. इतक्या अलीकडच्या वास्तूंचा विचार इतिहाससंशोधकांनीं कशास करावा, अशी शंका वाचकांस येईल. परंतु थोडक्या वर्षांत दंतकथा पुराव्याची जागा कशी घेते, हें येथें प्रत्यक्ष पाहावयास मिळतें. सबब थोडें विवेचन करितों.

प्रथम निश्चित गोष्टी. महेश योगी हे ज्योतिर्मठाचे शंकराचार्य ब्रह्मानंद सरस्वती यांचे शिष्य. त्यांनीं उत्तर प्रदेशाच्या वनखात्याकडून इ. स. १९६१ मध्यें सुमारें १४ एकर जमीन भाडेपट्ट्यानें घेतली. अमेरिकेंतील धनाढ्य बाई डोरिस ड्यूक यांनीं दिलेल्या एक लक्ष डॉलरांच्या देणगींतून इ. स. १९६३ मध्यें येथें बांधकाम झालें. बीटल्स या इंग्रज वाद्यवृंदाचे चौघे गायक-वादक इ. स. १९६८ च्या फेब्रुवारींत येथें आले. रिंगो स्टार सुमारें दहा दिवसांनीं परतले, पॉल मॅकार्टनी मार्चअखेरीस, व जॉन लेनन आणि जॉर्ज हॅरिसन एप्रिलांत. एवढ्या अवधींत त्यांनीं बरींच गीतें रचिलीं. त्यांपैकीं पुष्कळ त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत पांढऱ्या वेष्टणाच्या ध्वनिमुद्रिकांतून प्रसिद्ध झालीं.

आतां वास्तूंकडे वळूं. नदींतील गोट्यांनीं मढविलेल्या घुमटाकार कुटी पाहणाराचें लक्ष प्रथम वेधून घेतात. ह्यांतच ते गायक ध्यानास बसत, अशी प्रवाशांची समजूत होते. चौऱ्यांशी सिद्ध, चौऱ्यांशी आसनें ह्या परिचित संख्येमुळें ती समजूत अधिकच दृढ होते. परंतु ह्या कुटी १९६८ नंतरच्या, पुढील दशकांतल्या आहेत. मोठ्या सभागृहांतील भिंतींवरचीं रंगीत चित्रें तर इ. स. २०१२ व त्यानंतरचीं. नदी ओलांडावयाचा रामझुला पूलही इ. स. १९८६ चा. उलटपक्षीं, ज्या लांबट बैठ्या इमारतींत पाहुण्यांचा मुक्काम होता, त्यांजकडे फारसें कोणी पाहत नाहीं. म्हणजे जें १९६८ चें नव्हे तें पूजिलें जातें, व जें आहे तें उपेक्षेनें ढासळतें.

ह्या दुर्दशेचें कारण जमिनीच्या हक्कांत आहे. भाडेपट्ट्याची मुदत इ. स. १९८१ मध्यें संपली, १९९० नंतरच्या दशकांत वस्ती उठली, इ. स. २००३ मध्यें ताबा वनखात्याकडे गेला. डिसेंबर २०१५ पासून शुल्क घेऊन लोकांस आंत सोडण्यास प्रारंभ झाला. हा भाग राजाजी व्याघ्रप्रकल्पाच्या क्षेत्रांत असल्यामुळें वृक्षाचें रक्षण हें तेथील पहिलें कर्तव्य, भिंतीचें नव्हे. शोधकांनीं हेंही ध्यानांत ठेवावें कीं, ऋषिकेश नगर देहरादून जिल्ह्यांत, तर हें स्थळ पौडी गढवाल जिल्ह्यांत आहे. दप्तर धुंडाळतांना केवळ ऋषिकेशाच्या नांवावर विसंबून भागणार नाहीं.

आमच्या मतें प्रत्येक इमारतीचें माप घेऊन व काल ठरवून तेथें तशी पाटी लावावी. नवा रंग जुन्या गिलाव्यावर चढण्यापूर्वीं हें व्हावें. लेनन इ. स. १९८० मध्यें, हॅरिसन २००१ मध्यें व खुद्द महर्षि २००८ मध्यें निवर्तले. पाहुण्यांच्या आठवणी व छायाचित्रें छापून निघालीं आहेत; त्यांचा लोप होण्याचें भय नाहीं. परंतु त्या कुटी रचणारे गवंडी, पाणी वाहणारे, स्वयंपाक करणारे, यांपैकीं जे हयात असतील त्यांच्या जबान्या प्रथम टिपून घेतल्या पाहिजेत. भिंत पडली तरी तिचा नकाशा राहूं शकतो. माणसाबरोबर गेलेली माहिती मागाहून कोणत्याही दप्तरांत सांपडत नाहीं.