ऋतुनिवृत्तीवरील स्टेरॉइडरहित औषधोपचार

ऋतुनिवृत्तीनंतर अंडकोशांतील स्त्रीमदजन हॉर्मोनांचा स्राव घटतो. त्यामुळे अंगाची एकाएकी लाही होणे, रात्री घाम सुटणे इ. लक्षणे उद्‌भवतात, शिवाय अस्थींतील कॅल्शियम कमी होत जाऊन अस्थिसुषिरता संभवते. स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रीस ही हॉर्मोने सहसा देत नाहीत. अशा वेळी स्टेरॉइडरहित औषधे वापरतात. व्हेनलाफॅक्सीन, गॅबापेंटीन व क्लोनिडीन यांनी लाही कमी होते. अस्थिक्षय मात्र थांबत नाही. रॅलॉक्सिफिनाने मणक्यांचे अस्थिभंग कमी होतात, परंतु लाही वाढू शकते व नीलांमध्ये रक्त साखळण्याचा धोका असतो. ॲलेंड्रोनेट अस्थिशोषण रोखते. ते उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घेऊन निदान अर्धा तास आडवे होऊ नये, अन्यथा अन्ननलिकेस इजा होते.

यवतमाळ जिल्ह्यात, विशेषतः पांढरकवडा परिसरात, निदानाचीच अडचण आहे. तेथील अनेक विंधन विहिरींच्या पाण्यात फ्ल्युओराइड लिटरमागे १.५ मिग्रॅ. या मर्यादेहून अधिक आढळले आहे. ते अस्थींत साचून घनता वाढविते, बळकटी नव्हे. सोडियम फ्ल्युओराइड एके काळी अस्थिसुषिरतेवरील औषध म्हणूनच योजून पाहिले गेले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत त्याने मणक्यांची घनता पुष्कळ वाढली. तथापि त्यांचे अस्थिभंग लक्षणीय घटले नाहीत आणि इतर अस्थींचे वाढले. म्हणून अशा गावांतील स्त्रीचे घनतामापन समाधानकारक दिसले, तरी केवळ त्यावर विसंबणे चुकीचे ठरते. आहारात कॅल्शियम अपुरे असल्यास फ्ल्युओराइडाचा उपद्रव अधिक होतो. औषध ठरविण्यापूर्वी पिण्याच्या पाण्याची तपासणी करणे इष्ट असते. उकळल्याने फ्ल्युओराइड जात नाही. पाणी आटून त्याचे प्रमाण उलट वाढते.