सव्वा गुंठ्यावर अर्धा पेला रक्त

इंदापूर तालुक्यातल्या लोणी देवकरात जमीन गुंठ्यांत मोजतात आणि उजनी धरणाचं पाणी टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत. फुप्फुसांचा हिशेबही याच मापांनी करून पाहू.

प्रौढ माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत सुमारे 48 कोटी वायुकोश असतात. त्यांचं अस्तर उलगडलं तर साधारण 130 चौरस मीटर भरतं, म्हणजे सव्वा गुंठ्याहून जरा जास्त. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या या सव्वा गुंठ्यावर एका क्षणी रक्त असतं 70 ते 100 मिलिलिटर. सारखं पसरलं तर थर एक मायक्रॉन जाडीचाही होत नाही, आणि तांबडी पेशी एकटीच सात-आठ मायक्रॉन रुंद! तरी हिशेब चुकलेला नाही. रक्ताच्या एकाच थराला दोन्ही बाजूंनी हवा भिडते, शिवाय विश्रांतीत सगळ्या केशवाहिन्या वाहत्या नसतात.

रक्त एवढंसं, पण फेऱ्यांना अंत नाही. हृदय मिनिटाला 5 लिटर रक्त फुप्फुसांकडे ढकलतं. 70 वर्षांत ते 18 कोटी 40 लाख लिटर होतं. अशा 18 हजार आयुष्यांत 117 टीएमसीचं उजनी काठोकाठ भरेल. इंदापूर तालुक्याची लोकसंख्या या 18 हजारांच्या कितीतरी पट आहे.

आता हा प्रवाह गणितात कसा बसवायचा? धमन्यांपुरती नदीशास्त्राची पद्धत उपयोगी पडली. हॉर्टन (1945) आणि स्ट्रालर (1952) यांनी ओढे-नद्यांना श्रेणी दिल्या होत्या: एकाच श्रेणीचे दोन ओढे मिळाले की श्रेणी एकाने वाढते. भीमेचं खोरं असंच मोजता येतं. फुप्फुसांच्या धमन्यांना तीच मोजणी लावली तेव्हा 15 श्रेणी निघाल्या, दीड सेंटीमीटर व्यासापासून 20 मायक्रॉनपर्यंत.

त्यापुढे मात्र मोजणी हात टेकते. केशवाहिन्यांचे तुकडे आहेत सुमारे 28 हजार कोटी. सेकंदाला एका तुकड्याचं समीकरण सोडवत बसलं तरी सुमारे 8,900 वर्षं लागतील. 1969 मध्ये फंग आणि सोबिन या संशोधकांनी नळ्या मोजायचंच सोडून दिलं. या वाहिन्या इतक्या दाट आणि इतक्या आखूड आहेत, की त्यांना नळ्या म्हणण्यात अर्थच नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी रक्ताची एकसंध चादर मानली: वर-खाली पडदे, मध्ये ऊतींचे खांब. मला ही धिटाई सगळ्या आकड्यांपेक्षा मोठी वाटते.

या चादरीत दाब वाढला की जाडी वाढते, आणि रक्त वाहून नेण्याची क्षमता जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. जाडी 10 टक्के वाढली, तर क्षमता 33 टक्के. धावताना रक्तप्रवाह चार-पाच पट होतो, त्या मानाने फुप्फुसातला दाब फारसा चढत नाही. चादर जाड होते, मिटलेल्या वाहिन्याही उघडतात. विश्रांतीत तांबडी पेशी केशवाहिन्यांत पाऊण सेकंद असते. धावताना त्याच्या निम्म्याहूनही कमी. पण प्राणवायू भरून घ्यायला तिला पाव सेकंदच पुरतो.